दुसरा दिलीप शिंदे

दिलीपला हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटलो तेव्हा त्याला एक गोष्ट सांगायचीच, असं ठरवून गेलो होतो. तासभर पार्किंगबद्दल बोललो आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला... त्याला आता सात आठवडे झाले.

आम्ही दोघंही दिलीप शिंदे. तो नाशिकचा, मी कराडचा. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका वेअरहाऊसात एकाच शिफ्टला लागलो. तो उंच म्हणून लांब्या, मी बुटक्या. आमच्या कॅनेडियन सुपरवायझरने कामगारांची बेसबॉल टीम काढली होती. दर रविवारी कौन्सिलच्या पार्कात सामने. दिलीप मूळचा क्रिकेटचा फास्ट बोलर, तिथे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा झाला. "आयुष्यभर कोपर सरळ ठेव म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि हे म्हणतात वाकव!" असं म्हणून तो असा काही चेंडू फेकायचा की समोरच्याची बॅट नुसती हवेत फिरायची. मी लांब मागे उभा राहून चेंडू अडवायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उत्तरेकडच्या एका क्लबाला पगारावर खेळाडू हवे होते. लीगच्या स्कोअरशीट पाहून त्यांनी वेअरहाऊसच्या पत्त्यावर पत्र पाठवलं : डी. शिंदे, पिचर. ऑफिसातल्या मुलीने ते माझ्या हातात दिलं. पिचर हा शब्द मी नीट वाचला होता. तरी चाचणीला गेलो. मी चार चेंडू टाकल्यावर तिथल्या मॅनेजरने विचारलं, "तुमच्या टीममध्ये आणखी कोणी शिंदे आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांना फील्डर कमी पडत होते, म्हणून एका सीझनपुरतं ठेवून घेतलं. दिलीपला सांगितलं, मीच अर्ज केला होता. त्याने मला उचललंच. "बुटक्या, लेका, प्रोफेशनल झालास!" तिकडच्या पेपरात खेळाडूंची यादी आली, तर त्याने कात्रण मागून घेतलं आणि नाशिकला आईला पाठवलं. "नाव तर माझंच आहे. तिला कुठे कळतंय?" आईने गल्लीभर पेढे वाटले. हा किस्सा तो दर दिवाळीला सांगायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो. सीझन संपल्यावर मला परत पाठवलं आणि मी पुन्हा त्याच शिफ्टला लागलो. दिलीप मात्र खांदा जाईपर्यंत पार्कातच फेकत राहिला.

परवा वहिनींना सगळं सांगितलं. त्या त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, हात थांबला नाही.

"भाऊजी, हे मला कशाला सांगताय? त्यांना सांगायचं होतंत."

पुढचा शर्ट उचलत म्हणाल्या, "गॅरेजची भिंत तेवढी रंगवून द्या. घर विकायचंय."

गॅरेजच्या भिंतीवर पिचरच्या नेमासाठी खडूने आखलेला चौकोन होता, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीचा. बाकी भिंत धड होती. चौकोनाच्या खालच्या एका कोपऱ्यात मात्र विटांचे टवके उडाले होते, सगळे तळहाताएवढ्या जागेत. तो घरीही सराव करत असे, हे मला माहीतच नव्हतं... मी रंगाचे दोन हात दिले. खडूच्या रेघा गेल्या. टवके रंगाखालीही दिसतात, आणि हात फिरवला की बोटांना लागतात.