काचेपलीकडचा दादा

फोन आला तेव्हा मी वर्तकनगरच्या घरी मनालीच्या ड्रेसला इस्त्री करत होते. दुसऱ्या दिवशी तुरुंगात दादाला भेटायची मुलाखत होती, म्हणून वहिनी आणि तिची ही लेक माझ्याकडेच राहायला आलेल्या. दवाखान्यात नेतानाच दादा गेला, एवढंच तुरुंगातल्या माणसानं सांगितलं. इस्त्री तशीच राहिली आणि ड्रेसला डाग पडला.

दादा देवमाणूस होता वगैरे मी लिहिणार नाही. दिव्याला, त्यांच्या घराजवळ, पाण्याच्या टँकरवर भांडण झालं, यानं हातातली कळशी शेजाऱ्याच्या डोक्यात घातली आणि तो माणूस मेला. त्याच्याही घरी लेकरं होती. रागाच्या भरात दोन घरांचं वाटोळं केलं मेल्यानं... आता असं म्हणताना जीभ अडखळते.

मनाली तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागलेली. पण बापपण सोडायला दादा काही तयार नव्हता. काचेपलीकडून, कानाला रिसीव्हर लावून सगळी चौकशी करायचा. डब्यात काय नेतेस, केसांना तेल का नाही. या बाजूला आम्ही तिघी एकाच रिसीव्हरला कान लावून. पोरगी धावण्यात पहिली यायची, त्याचं त्याला भारी कौतुक. "सकाळी पळतेस ना गं मनू? आळस नको हं!" लेकीचं वाढणं त्याला छातीपर्यंतच दिसायचं, खाली कट्टा होता.

तो आत गेल्यावर पाणी भरायचं काम तिच्यावर आलं. एकदा भरलेली कळशी घेऊन ती जिन्यावरून कोसळली. पाय मोडला तो वाकडाच जुळला, आणि मनाली कायमची लंगडायला लागली. वहिनीनं मला शपथ घातली, "ताई, त्यांना कळता कामा नये. पाण्यापायीच पोरीचा पाय गेला म्हटल्यावर आत जीव देतील ते."

मग दरवेळी आम्ही घाई करून मनालीला आधी स्टुलावर बसवायचो. दादाला नंतर आणायचे, आणि त्याला परत नेल्यावरच ती उठायची. "पळतेस ना?" त्यानं विचारलं की मान हलवायची. मला असा संताप यायचा! मध्ये ती काच कमी होती का, म्हणून वर हे खोटं? घरी आल्यावर पोरगी दोन-दोन दिवस बोलायची नाही. "आत्या, एकदा उभी राहू का गं पप्पांसमोर?" विचारायची. वहिनी रडायला लागायची, की विषय बंद.

शेवटच्या भेटीत दादा फार वाळलेला. पळण्याचं त्यानं काढलंच नाही. एकदम म्हणाला, "मनू, पुढच्या वेळी मी आधी येऊन बसतो. साहेबांना विचारून ठेवलंय. तू मागून ये... सावकाश ये." वहिनीचा चेहरा उतरला. त्याला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. रिक्षात मात्र मनाली कितीतरी दिवसांनी हसली. त्या भेटीसाठीच तो ड्रेस होता.

दादाचा फोटो आता दिव्याच्या घरात आहे. छातीपर्यंतचाच, काचेच्या फ्रेममध्ये. तेराव्याला माणसं पांगली तशी मनाली उठली आणि दाराबाहेर गेली.

"अगं, कुठे निघालीस?" वहिनी म्हणाली.

"कुठे नाही गं. पप्पा आधी येऊन बसलेत ना."

आणि तोच डाग पडलेला ड्रेस घालून, पाय ओढत, ती दारापासून फोटोपर्यंत सावकाश चालत आली.