पडीक म्हणून लिहिलेली जमीन

नव्वदच्या दशकात मी जव्हारला एका सरकारी कार्यालयात कारकून होते. खाणींसाठी जागा पाहायला भूगर्भतज्ज्ञ साहेब आले की नोंदी लिहायला मी त्यांच्यासोबत जीपमधून जायची. दाभोशाजवळच्या एका डोंगरउतारावर साहेबांनी हातोडी मारली, दगड खणखणला आणि त्यांचा चेहरा खुलला. पहिल्या प्रतीचा काळा दगड, त्यात रस्ता जवळ. खडीची खाण निघाली तर लोकांना घराजवळ काम मिळेल, म्हणाले. मलाही पटलं. दिवाळीनंतर माणसं मजुरीला बाहेर गेली की कुलपं लागणारी गावं मी पाहत आले होते. उतारावर नुसतं गवत होतं. तक्त्यात रकाने दोनच, लागवड आणि पडीक. मी ठसक्यात 'पडीक' लिहून मोकळी झाले.

त्यातला एक तुकडा माझ्या आत्याचा होता. कानावर गेल्यावर ती चालत माझ्या खोलीवर आली.

"पोरी, पडीक कशी? निजेल हाय ती. तीन वर्सां नागली, वरई, खुरासणी दिली तिनं. आता चार वर्सां निजू दे, मंग परत पेरू."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला, स्वतःचाच. आमच्याकडे उतार असेच पेरतात आणि असेच विसाव्याला सोडतात. हे मला साहेबांना सांगता यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंद बदलायची म्हणून गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "नोंद वर गेली. आता चूक कबूल केलीत तर तुमच्याच नोकरीवर येईल."

"येऊ दे," मी म्हटलं.

सलग तीन रविवार मी तो उतार पालथा घातला. कुठला तुकडा कुणाचा, शेवटचं पीक कोणतं, पुन्हा पेरणार कधी, सगळं लिहून खाली अंगठे घेतले. ओढ्यापलीकडे खरोखरच उघडा कातळ होता आणि दगड तोच. तोही नकाशावर दाखवला आणि चूक कबूल करून सगळे कागद वर पाठवले. काम आम्हाला हवंच होतं, पण नागली घालवून नव्हे.

वरिष्ठ चौकशीला गावात आले. कागद वाचून खाण ओढ्यापलीकडे न्यायला ते तयार झाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही इथल्याच ना? शेतकऱ्याच्या मुलीला एवढंही कळू नये?"

आत्या पुढं झाली.

"तिच्यावर रागावू नका, साहेब. सहा वर्सांची होती तवा आम्हीच तिला आश्रमशाळेत धाडली. नागली पेरायला ती घरी होती कधी?"