दीड सेकंदाची बुर्गी

कोर्बिनियान लाइटगेब मूळचा सुतार. बापाच्या हाताखाली दारं-खिडक्या करता करता त्याच्या बोटांना लाकूड कळायला लागलं आणि पुढे त्याच बोटांना बर्फही कळायला लागला. पहाटे मूठभर बर्फ दाबून, हुंगून तो सांगायचा की आज स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं. चुकायचा क्वचितच. म्हणून टिरोल प्रांतातल्या मुलींच्या स्की-शर्यतींच्या संघाने त्याला ठेवून घेतलं. सगळे त्याला कोर्बीच म्हणत.

बुर्गी त्याच्या वाट्याला आली ती केवळ नामांकित मुलींच्या स्की तयार करणारी माणसं आधीच ठरलेली होती म्हणून. ती वरच्या कुरणावरल्या शेतकऱ्याची पोर. पाळण्यातलं नाव नोटबुर्गा, वय एकोणीस, खांदे रुंद, बोलणं तोडून टाकणारं. पहिल्याच दिवशी तिने मेण वितळवायची इस्त्री उचलून पाहिली.

"म्हाताऱ्या, हिनं सदऱ्यांना इस्त्रीही करतोस का?"

कोर्बी तेव्हा चौतीस वर्षांचा होता. "इस्त्री हळू जाणाऱ्यांच्या सदऱ्यांना करतो," तो म्हणाला. "तुझं काय ते उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी बुर्गी तेविसाव्या क्रमांकावर सुटली. तोवर वाट खणून निघाली होती, तरी ती तिसरी आली. त्यानंतरच्या चार हिवाळ्यांत तिने वेगाच्या उतारावरच्या अकरा शर्यती जिंकल्या. ताशी सव्वाशे किलोमीटरने, निळ्या बर्फावरून, दोन फळ्यांवर उभी राहून.

कोर्बीला तिचं सगळं ठाऊक होतं. कुठला बूट चावतो, शर्यतीआधी ती डोळे मिटून हाताच्या पंजाने वळणं कशी गिरवते, सगळं. फक्त ती उतरते कशी, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याची जागा माथ्यावर. बुटांचा बर्फ झटकायचा, स्की पायात चढवून द्यायच्या, बाजूला व्हायचं. फाटकातून ती झेपावली की तीन ढांगांत दिसेनाशी व्हायची. मग खालून प्रेक्षकांनी वाजवलेल्या गाईच्या घंटांचा कल्लोळ उशिरा वर यायचा. टीव्हीवर दिसायची म्हणा, पण टीव्हीवर डोंगर सपाट दिसतो.

पाचव्या हिवाळ्यात कल्लोळ आलाच नाही. आलं ते हेलिकॉप्टर. डावा गुडघा निखळला होता, नडगी मोडली होती. कोर्बी चार दिवस त्या स्कींच्या पोलादी धारेवरून बोट फिरवत बसला. मग इस्पितळात जाऊन म्हणाला की धार बहुतेक आपणच जास्त काढली.

बुर्गी छताकडे बघत होती. "स्की मी पाठवल्या तिकडेच गेल्या," ती म्हणाली. "मी चुकीच्या ठिकाणी पाठवल्या. तू धार तीच ठेव."

सोळा महिन्यांनी ती परतली आणि पहिल्याच शर्यतीत एकतिसावी आली. गावच्या खानावळीत लोक म्हणू लागले की पोरीने आता लग्न करावं, गाईंच्या दुधाचं चीज बनवावं. कोर्बीने तिथे जेवणंच सोडलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा जिंकली, तेही पूर्वी जिथे पडली होती त्याच वळणावर वेळ वाचवून.

एकतिसाव्या वर्षी तिने ठरवलं, बस झालं. शेवटची शर्यत घरच्याच डोंगरावर होती. सकाळी ती कोर्बीला म्हणाली, "आज तू खाली जा. शेळीउडीपाशी उभा राहा."

"मग स्की कोण धरणार?"

"मला हात आहेत."

शर्यतीची वाट जिथे कड्यावरून हवेत झेपावते त्या शेळीउडीखाली, बाजूच्या जाळीला धरून तो उभा राहिला. चार मुली गेल्या. मग वरून कापड टरकावल्यासारखा आवाज आला आणि एकदम थांबला. बुर्गी हवेत होती, त्याच्या डोक्यावर, तिचा आवाज नाही की हालचाल नाही. ती टेकली तेव्हा डोंगर हादरल्यासारखं त्याला जाळीतून जाणवलं. खाली स्की भ्यालेल्या जनावरासारख्या थरथरत होत्या आणि वर ती मात्र चर्चमधल्या मूर्तीसारखी शांत. दीड सेकंद. बर्फावर दोन बारीक रेघा उरल्या.

बारा वर्षं कोर्बी मनाशी धरून होता की त्या वेगात थोडा वाटा आपल्या मेणाचा आहे. त्याने टोपी काढली आणि ती हातात घेऊनच तो खाली चालत गेला.

ती चौथी आली होती. त्याला पाहून म्हणाली, "काय दिसलं?"

त्याने तिच्या स्की हातात घेतल्या. "टेकताना डावा गुडघा आत जातो."

"बारा वर्षांनी सांगतोस?" म्हणत ती बर्फात बसून हसत सुटली. तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून तो तिच्या स्की पुसत राहिला.

बुर्गीने पुढे वडिलांच्या गाई घेतल्या. कोर्बी सुतारकामाकडे परतला. शरदातल्या रविवारी तो तिच्याकडे पावाचे उकडलेले गोळे खायला जातो आणि दोघं गवत, पाऊस, गुरं असलंच बोलतात. एकदा तो अंगणातल्या बाकावर बसला असताना ती दुधाचा कॅन घेऊन कुरणावरून उतरताना दिसली. डाव्या पायाने चांगलीच लंगडत होती. कोर्बी उठला, त्या दिवसासारखी टोपी हातात घेतली, आणि ती दाराशी पोचेपर्यंत तसाच उभा राहिला.