काकूंचं चिनी नवं वर्ष

काकू भेटल्या की ‘कशी आहेस’ वगैरे नंतर. आधी त्या माझ्या अंगावरच्या कुडत्याचा काठ चिमटीत धरायच्या, जरा चोळून बघायच्या आणि म्हणायच्या, “पोत बरा आहे. धुतल्यावर काय होतं ते बघ.” अनोळखी माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडणाऱ्या एका बाईची ओढणी त्यांनी अशीच धरली होती. ती बाई रागावेल असं मला वाटलं, पण ती त्या ओढणीची हकिगत सांगत बराच वेळ उभी राहिली.

काकू नागपूरच्या. काकांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. काका गेले, दुकान दिरांकडे गेलं, आणि एकुलत्या एका मुलानं, निखिलनं, आईला इकडे आणलं. त्याचं घर आमच्या मागच्या गल्लीत. मी घरूनच काम करते. दुपारी मीटिंगा संपल्या की चालायला निघायची, तेव्हा काकूही निघालेल्या असायच्या. सहावारी साडी, वर निखिलचं जुनं जॅकेट, पायात पांढरे स्नीकर्स. तुम्हीही इथल्या फुटपाथांवर अशा काकू पाहिल्या असतील. लांबून त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

निखिलची बायको ग्रेस चिनी घरातली, पण जन्मली-वाढली अमेरिकेतच. त्यांना दोन मुली, मीरा आणि लिया. सुनेबद्दल काकू एवढंच म्हणायच्या, “चांगली आहे. बोलत नाही फार. पण मला तरी कुठे तिच्याशी बोलता येतं?” आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, “आपण कमी पडायचं नाही, बस.”

चिनी नवं वर्ष ग्रेसच्या माहेरी व्हायचं. तिचे आईवडील अर्ध्या तासावर राहायचे. मुली तिकडच्या आजीला ‘पोपो’ म्हणायच्या. त्या दिवशी घरातले सगळे चिनी कपडे घालायचे, एकत्र जेवायचे आणि शेवटी सगळ्यांचा मिळून फोटो निघायचा. पहिल्या वर्षी निखिल आईला म्हणाला, “तू काहीही नेस गं, चालतं.” काकूंनी दुकानातून आणलेली ठेवणीतली पांढरी चंदेरी काढली. दारात पोपोंचा चेहरा उतरला. परत येताना गाडीत निखिलनं सांगितलं, की त्यांच्यात पांढरं म्हणजे मयताचा रंग.

“मला आधी सांगायचं नं कोणी,” दुसऱ्या दिवशी चालताना काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, नवरा गेलेल्या बाईनं परक्या घरी सणाला लाल कशाला नेसायचं? म्हणून मुद्दाम पांढरी काढली. तर तीच अशुभ निघाली.”

पुढच्या वर्षी त्यांनी कोणाला विचारलं नाही. लाल ब्रोकेडचं चिनी जाकीट ऑनलाइन मागवलं. उभी कॉलर, पुढे कापडाच्या गाठींची बटणं, खाली काळी सैल पँट. पोत बघून नाक मुरडलं, अख्खं उसवलं, चांगलं अस्तर लावून पुन्हा शिवलं. सणाच्या दिवशी मला बोलावलं, कारण गळ्याजवळचं बटण त्यांना लागत नव्हतं.

लग्नानंतर काकूंनी साडीशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. कपाटाच्या आरशासमोर त्या उभ्या राहिल्या. हात आपसूक खांद्याकडे गेला आणि तिथून रिकामा परत आला.

“पदर नाही गं,” त्या म्हणाल्या. “हात कुठे ठेवू?”

“छान दिसताय, काकू.”

“छान राहू दे. लाल घातलंय मी. ह्यांच्या माघारी पहिल्यांदा.” मग स्वतःच म्हणाल्या, “जाऊ दे. आपण कमी पडायचं नाही.”

तो दिवस फार चांगला गेला. दारातच पोपोंनी त्यांच्या बाहीचा काठ चिमटीत धरला, चोळला आणि मान डोलावली. हे सांगताना काकू लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दिवसभर त्या शेजारी शेजारी बसून मोमोंसारख्या कसल्या तरी पुऱ्या भरत होत्या. फोटोत काकू पोपोंच्या बाजूला, लिया त्यांच्या मांडीवर. निखिलही गळ्यापर्यंत बटणं लावून उभा.

काकूंनी तो फोटो नागपूरच्या घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या जावेनं लिहिलं, ‘वहिनी, आता भातही काड्यांनीच खाणार नं?’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. काकूंनी मला फोन दाखवला आणि पर्समध्ये ठेवून दिला. नंतर त्यांनी तिकडे कधी फोटो पाठवल्याचं मला आठवत नाही.

मग पाडवा आला. नातींसाठी त्यांनी परकर-पोलकी शिवली होती, हिरवी आणि जांभळी. निखिल म्हणाला, “वर्किंग डे आहे आई, वीकेंडला करू.” वीकेंडला मुलींच्या मैत्रिणीचा बर्थडे निघाला. मुलींनी परकर घातले, जिन्यावरून एकदा वरखाली केलं, आणि लिया पोट खाजवत म्हणाली, “आजी, इट्स इची.” काढून टाकले. ग्रेस मात्र म्हणाली, की किती सुंदर शिवलेत. निखिलनं वर पाहिलंदेखील नाही.

“तिकडे जातो तर गळ्यापर्यंत बटणं लावतो,” काकू मला म्हणाल्या. “इथे आईपाशी साधा झब्बा घालायचा तर त्याला उकडतं.”

सुनेबद्दल नाही, मुलाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला कडू शब्द.

त्या उन्हाळ्यात ग्रेस आणि मुली पोपोंकडे राहायला गेल्या. निखिलनं आईला सांगितलं, पोपोंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मदत लागते, मुलींचं समर कॅम्पही तिकडूनच जवळ आहे. उन्हाळा संपला तरी त्या आल्या नाहीत. “गुडघ्याला वेळ लागतोच,” काकू म्हणायच्या आणि डिंकाचे लाडू वळून निखिलजवळ द्यायच्या. डबा रिकामा परत यायचा, की त्या पुन्हा भरायच्या.

चिनी नवं वर्ष आलं. काकूंनी मला सकाळीच बोलावलं. जाकिटाला त्यांनी गाठींची नवीन बटणं करून लावली होती, आधीची त्यांना नाजूक वाटत होती. मी वरचं बटण लावत होते तेवढ्यात निखिल जिन्यावरून खाली आला. अंगात टी-शर्ट.

“अरे, तयार हो नं,” काकू म्हणाल्या.

“आई, आपण जात नाहीये.”

“का? पोपोंना बरं नाही का?”

“त्यांना काही झालेलं नाही. आम्ही सेपरेट झालोय. समरमध्येच.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुला कसं सांगणार होतो मी?”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. रडतील असं वाटलं, पण त्यांनी भलतंच विचारलं.

“मग ते लाडू कोण खात होतं?”

निखिलनं जिन्याचा कठडा धरला.

“मला तिथे सोड,” काकू म्हणाल्या.

“आई, प्लीज. सीन नको.”

काकू माझ्याकडे वळल्या. “तू सोडतेस?”

निखिल वर निघून गेला. मी गाडीची किल्ली आणली.

वाटेत अधूनमधून त्यांचे ओठ हलायचे. नंतर माझ्या लक्षात आलं, त्या ‘गोंग हे फात चोय’ घोकत होत्या, चिनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

दार पोपोंनीच उघडलं. त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. आत सगळं घर लाल. लिया धावत येऊन बिलगली. मीरा आईजवळच उभी राहिली. ती मोठी होती, तिला सगळं माहीत होतं. ग्रेस क्षणभर गोंधळली, पण तिनं बसवलं, चहा दिला, तब्येत विचारली. वाईट बोलली असं मी म्हणणार नाही.

मग फोटोची वेळ झाली. सगळे सोफ्याजवळ जमले. काकू सवयीनं पोपोंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ग्रेस त्यांच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात, त्यांना कळावं म्हणून सावकाश, इंग्रजीत म्हणाली, की आई, या वेळी फक्त आमच्या घरचे. तुम्ही काढाल का फोटो? आणि तिनं आपला फोन काकूंच्या हातात दिला.

पोपो आपल्या भाषेत जोरात काहीतरी बोलल्या. ग्रेसनं तुटक उत्तर दिलं. पोपोंनी मान खाली घातली.

काकू रांगेतून बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. त्या सगळ्यांसारखेच कपडे, तोच लाल रंग, तीच उभी कॉलर. मी दाराशी, काढून ठेवलेल्या चपलाबुटांपाशी उभी होते. मला वाटलं, त्या फोन खाली ठेवून बाहेर पडतील. मनापासून वाटलं, की ठेवावा.

“आजी, कम!” लिया तिकडून हात हलवत म्हणाली. तिच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला.

“इकडे बघ, बेटा,” काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं. मग फोनमध्ये निरखून पाहिलं. “अजून एक काढते,” त्या मराठीतच म्हणाल्या. “मीराचे डोळे मिटलेत.”

दुसरा फोटो त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त काळजीनं काढला.

परतताना गाडीत त्यांनी गळ्याजवळचं बटण सोडलं. “चांगला आला असेल,” त्या म्हणाल्या. “उजेड चांगला होता.”

पाडव्याच्या आतच निखिलनं त्यांचं तिकीट काढलं. “इथे आता तुझं मन रमणार नाही,” तो म्हणाला. ते खरं होतं, पण त्यानं सांगायचं नव्हतं. नागपुरात त्या दिरांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला लागल्या. मी फोन करायची. त्या इथल्या थंडीचं विचारायच्या, फुटपाथवरच्या इतर बायांचं विचारायच्या. नातींचं विचारायचं टाळायच्या, आणि त्या टाळतात हे मला कळायचं.

एकदा त्या म्हणाल्या, “एक सांगू? रागावू नकोस. आता फोन करू नकोस गं.”

“काकू?”

“तुझा फोन आला की मग दिवसभर मी तिकडेच असते. इथे पोळ्या करताना लक्ष राहत नाही. जावा बोलतात.”

“बरं,” मी म्हटलं.

“पोरी कधी दिसल्या तर…” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “काही नाही. थांबवू नकोस त्यांना,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परवा इथल्या ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये लिया दिसली. उंच झाली आहे. आईचा हात धरून चालली होती. ओळखीचं माणूस दिसावं पण नाव आठवू नये, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जरा रेंगाळली.

मी थांबवलं नाही.