रजेची चौकशी

माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, असं मी लातूरच्या आमच्या गल्लीत तीन वर्षं सांगत होते. तो जेलात आहे. त्याला सोळा वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते, तेव्हा त्याच्या हातून गावातल्या एका पोराचा जीव गेला. आमचं गाव अर्धापूरकडचं, सगळी केळीची बागायत. गणपतीच्या मिरवणुकीत नाचताना धक्का लागला, शिवीगाळ झाली, आणि हा घरी येऊन घड कापायचा कोयता घेऊन परत गेला. घरी येऊन परत गेला, हेच कोर्टात सगळ्यात वाईट ठरलं. मी तेव्हा चुलीपुढे होते. "काय हुडकून राहिलास रे?" एवढंच मी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही आणि मीही मान वर करून बघितलं नाही. त्याचे वडील आधीच वारलेले. घरात तिसरं कोणी नव्हतं.

सोळाच्या आतला असता तर तीन वर्षांत सुटला असता. सोळाच्या वरचा आणि गुन्हा खुनाचा, म्हणून मोठ्या माणसासारखा खटला चालला. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला अशा मुलांना ठेवतात त्या सरकारी ठिकाणी ठेवलं. तिथे तो दहावी झाला, वायरिंग शिकला. एकवीस पुरी झाल्यावर कोर्टानं पुन्हा बोलावलं, पोरगा सुधारला की नाही ते बघायला. साहेबांनी मलाही विचारलं, "आई, तुम्हाला काही सांगायचंय?" मी चौथी शिकलेली आहे, पण प्रश्न शिक्षणाचा नाही. मला चारचौघांत बोलताच येत नाही. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. उरलेली शिक्षा मोठ्या जेलात भोगायची असं ठरलं. माझ्या बोलण्यानं फरक पडला असता असं आमच्या वकीलबाई म्हणत नाहीत. मला मात्र तसं वाटतं.

त्यानंतर गावात राहणं झालं नाही. ज्यांचा मुलगा गेला त्यांचं घर आमच्यापासून चौथं. हापशावर मी दिसले की त्या पोराची आई भरत आलेली घागर तशीच ठेवून निघून जायची. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

लातूरला क्लाससाठी बाहेरगावची पोरं खूप येतात. त्यांच्या एका मेसमध्ये मी पोळ्या लाटते. सगळी सोळा-सतरा वर्षांची. "मावशी, गरम द्या ना," म्हणत ताट पुढं करतात. एकदा दोघांची जुंपली, कॉलरी धरल्या. मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. पाच मिनिटांनी दोघं शेजारी बसून जेवायला लागले. मला मात्र त्या दिवशी एक पोळी धड गोल लाटता आली नाही.

मागच्या वर्षी वकीलबाईंनी सांगितलं की मुलगा आता रजेला पात्र झालाय. कायद्यानं, ज्याच्या हातून अल्पवयात गुन्हा झाला त्याला मरेपर्यंत आत ठेवता येत नाही, कधी ना कधी तो सुटणारच. त्याआधी थोडे थोडे दिवस घरी येऊ द्यायचं. लोक याला पॅरोल म्हणतात, कागदावर संचित रजा लिहितात. "पात्र आहे म्हणजे मिळेल ना?" मी विचारलं. "पात्र आहे म्हणजे मागता येईल," बाई म्हणाल्या. कुठे राहणार त्या जागी पोलीस चौकशी करणार, शेजारच्यांना विचारणार. गुन्हा झाला त्या गावातही विचारणार. माझ्या भावानं त्याचा पत्ता द्यायला नाही म्हटलं. म्हणून माझ्या खोलीचा पत्ता दिला.

मी रोज ठरवायचे, की पोलीस यायच्या आधी शेजारच्या भाभीला सांगून टाकायचं. भाभी माझ्यापेक्षा वयानं मोठी, घरी पिको-फॉलची मशीन चालवते, तोंडाची फटकळ आणि हाताची सढळ. तिला दोन मुली आहेत. रोज तिच्या दारापर्यंत जायचे आणि साडीच्या फॉलचं बोलून परत यायचे.

त्या दिवशी दुपारी मेसवरून आले तर गल्लीत मोटारसायकल उभी. पोलीस ठाण्याचा जमादार भाभीच्या ओट्याजवळ डायरी उघडून उभा, आणि भाभी त्याला झापत होती.

"साहेब, पत्ता चुकला तुमचा. इथं जेलबिलात कोणाचं कोणी न्हाई."

"खोलीचा नंबर हाच हाय बाई."

"नंबर असू द्या की. तिचा पोरगा पुण्याला कंपनीत हाय. दिवाळीला सुट्टी न्हाई भेटत बिचाऱ्याला. गरीब बाई बघून कोणाचंबी नाव लावून राहिले का तुम्ही?"

समोरच्या घरातल्या दोघी-तिघी बाहेर आल्या होत्या. भाभीनं मला बघितलं. "आली बघा. सांग गं, ह्यांना तूच सांग!"

मी पदर तोंडाला लावला. जमादारानं माझ्याकडं बघितलं, उन्हानं त्याचं डोकं तापलेलं होतं. "बरं, सदर पत्त्यावर इसमाचे कोणी नातेवाईक राहत नाहीत, असं लिहितो," म्हणाला, डायरी मिटली आणि गाडीवर बसला. मी गप्प राहिले असते तर तो गेला असता. गल्लीत काही बदललं नसतं. भाभीनं चहा पाजला असता आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या चुकीवर सगळ्या हसल्या असत्या.

त्यानं गाडीला किक मारली.

"साहेब," मी म्हणाले. आवाज मलाच ऐकू आला नाही. पुढं होऊन मी गाडीचं हँडल धरलं. "तो माझाच आहे. जेलात आहे तो. मीच त्याची आई."

गाडी बंद करून तो खाली उतरला. चिडला नाही. पुन्हा डायरी उघडून त्यानं सगळं विचारलं, गल्लीतच, सगळ्यांसमोर. गुन्हा कोणता. कलम. वय किती होतं. पोराला ठेवून घेणार का, वेळेवर परत पाठवणार का. मी एकेक उत्तर देत गेले. मग तो भाभीकडं वळला. "तुम्ही शेजारी. तो रजेवर आला तर तुमची काही हरकत?"

भाभी माझ्याकडं बघत होती. "तीन साल झाले," ती म्हणाली. "ईदला माझ्या हातचा शीरखुर्मा खाल्ला गं तू. आन मलाच पुण्याची कंपनी!" मग जमादाराला म्हणाली, "माझ्या घरात पोरी हायेत साहेब. मी आत्ता काही सांगत न्हाई." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चार दिवस ती बोलली नाही. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज तेवढा यायचा. समोरच्या बाईनं एकदा माझ्या देखत आपल्या पोराला हात धरून घरात नेलं. तो तीन वर्षांचा असेल. मला राग आला नाही. गावात हे सगळं होऊन गेलं होतं, आता पुन्हा पहिल्यापासून, एवढंच वाटलं. खूप थकवा आला होता.

पाचव्या दिवशी भाभी आली आणि उंबऱ्यातच बसली. "सांग आता. खरं खरं सांग. काही झाकलंस तर उठून जाईन."

मी सांगितलं. कोयत्याचं सांगितलं, घरी येऊन परत गेल्याचं सांगितलं. जो गेला त्या पोराचं वय एकोणीस होतं, तेही सांगितलं.

"त्याच्या मायला भेटलीस कधी?"

"न्हाई."

"काहून?"

"काय तोंडानं जाऊ, भाभी?"

तिनं कपड्याला चिकटलेला शिलाईचा दोरा काढून बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "पोरींना मी बहिणीकडं उमरीला पाठवीन, तो आला की. त्यांची भीती त्यांना असू दे. तुझ्यासाठी सही करते. त्याच्यासाठी न्हाई, समजलं का?" दुसऱ्या दिवशी बुरखा चढवून ती माझ्याबरोबर ठाण्यात आली आणि हरकत नाही म्हणून जबाब देऊन आली.

रजा नामंजूर झाली. दोन महिन्यांनी वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. लातूरचा अहवाल चांगला होता. गावाकडून मयताच्या आईनं हरकत घेतली होती. आरोपी बाहेर आला तर मला झोप लागणार नाही, असं तिनं जबाबात म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, अपील करू, ही काही मोठी हरकत नाही, धमकी नाही, काही नाही. मी त्यांना ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मला ती हरकत मोठीच वाटली. तिच्या जागी मी असते तर मीही हेच लिहून दिलं असतं.

जेलातून मुलाचा फोन येतो, थोडाच वेळ मिळतो. त्याला आधीच कळलं होतं.

"माय, गल्लीत सगळ्यांना कळलं का गं?"

"हाव."

"उगीचच कळलं मग. रजा तर न्हाईच भेटली." मग म्हणाला, "तू खोली बदल. मी परत अर्ज नाही करत."

खोली बदलली तर पुन्हा पुण्याची कंपनी सांगावी लागली असती. तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. मी त्याला म्हटलं, "अर्ज कर. पत्ता हाच टाक. ती माय पुन्हा न्हाई म्हणंल, तिला म्हणू दे, तिचा हक्क हाय. तू विचारत राहा."

मागे कोणीतरी वेळ संपल्याचं ओरडत होतं, आणि तो फोन धरून तसाच उभा होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. मग म्हणाला, "करतो."