पहिल्या जागेवरची आरोळी

रोसलिन हार्टिगनचं जुनं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. ते तिला नको आहे, आणि तुमचं त्यावाचून काही अडत नाही. तिच्या अर्जावरून मला आधी ओळख पटली ती नंबराची, ४१७७.

लोकरीची प्रत लावणाऱ्या प्रत्येकाचा एक नोंदलेला नंबर असतो. पत्र्याच्या साच्यातून तो लोकरीच्या दाबलेल्या प्रत्येक गाठीवर उमटवायचा. माल खराब निघाला की बाजारात त्या नंबराला शिव्या बसतात. माणूस गाव बदलो नाहीतर नाव बदलो, नंबर मरेपर्यंत तोच. मी गाठी दाबणारा, त्यामुळे शाई आणि ब्रश कायम माझ्या हातात. सहा हंगाम मी ४१७७ उमटवला होता, आणि तेव्हा त्या नंबराचा मालक एक दाढीवाला, अबोल तरुण होता.

त्या मार्चमध्ये कुराबिनच्या शेडवरची मेंढ्यांची कातरणी चार दिवसांवर आली आणि आमच्या प्रत लावणाऱ्या म्हाताऱ्याचं कंबरेचं हाड मोडलं. मुकादम डेस क्विल्टीने चहूकडे निरोप पाठवले. अर्ज एकच आला. त्याने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"बाई आहे कुणी, वॉगा गावची. मर्व, हा नंबर तू कधी उमटवलास का रे?"

माझ्या पाचावर धारण बसली. "आठवत नाही," म्हणालो.

खोटं का बोललो तेही सांगतो. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शेडवर सिरिल नावाचा आचारी होता. बोलणं मऊ, चालणं मऊ, आणि मटण असं शिजवायचा की माणसं ताट चाटायची. त्याच माणसांनी त्याच्याबद्दल आपसात काहीतरी ठरवलं, आणि एका दुपारी त्याला उचलून मेंढ्यांच्या औषधाच्या हौदात बुडवलं. दोनदा. त्याचे डोळे गेले नाहीत एवढंच. आणि मी? मी प्रेसचा दांडा ओढत राहिलो. किंचाळी ऐकू येत होती, मी गाठ दाबत होतो. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो सिरिल आहे.

शनिवारी रोसलिन आली. उंच, केसांत पांढरं डोकावणारं, पायात स्वच्छ बूट. रिकाम्या शेडमध्ये डेसने तिच्यापुढे मागच्या वर्षीची लोकर टाकली. तिने चिमूटभर बट उपसली, दोन्ही टोकांना धरून कानाशी नेली आणि मधे बोटाने टिचकी मारली. मजबूत धागा खणकतो, कच्चा कुरकुरतो. डोळे मिटून ऐकायची तिची ती सवय अजून तशीच होती. मग डोळे उघडले ते थेट माझ्यावर. तिने मला ओळखलं आणि तिचा चेहरा लोकरीसारखा पांढरा पडला.

डेस खूश होता. "सोमवारी ये," म्हणाला.

"येते. पण आधी एक ऐकून घे." तिने टेबलाची कड घट्ट धरली. "तेरा शेडवर मी हे सांगितलं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी नंबर ओळखला, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, जागा भरली म्हणून. हा नंबर मिळाला तेव्हा जग मला पुरुष समजत होतं. तुला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतेय."

डेस मानेपर्यंत लाल झाला. "अगं, माझं काही नाही," तो म्हणाला. "मला विचारशील तर तू माकड असलीस तरी चालेल, काम येतंय ना? पण पोरं आहेत गं. सगळ्यात जवळचं गाव नव्वद मैलांवर. तीन आठवडे सगळी एका छपराखाली."

माझं काही नाही, पण पोरं. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. आमच्या भागात नोकरी नाकारणारा माणूस कधीच वाईट नसतो, तो नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. तिने मान हलवली आणि बॅग उचलली. चौदावी वेळ.

तेवढ्यात डेसने काखा वर केल्या. "मर्व, तू राहतोस त्यांच्यात. तूच सांग. काय करतील?"

आता खांदा माझा होता. नाही म्हणावं, तर ती गेली, आणि गेली म्हणजे धंद्यातूनच गेली. हो म्हणावं आणि तिचा सिरिल झाला तर? औषधाचा तो वास माझ्या नाकात आला.

"चालवून घेतील," मी म्हणालो. मला काडीचीही खात्री नव्हती.

गाडीपाशी तिने मला गाठलं. "खरंच चालवून घेतील का रे, मर्व?"

"माहीत नाही."

"मग बोललास कशाला?"

"मागे एकदा बोललो नव्हतो," मी म्हणालो. तिने पुढे विचारलं नाही.

रविवारी जेवणावर डेसने माणसांना सांगून टाकलं. कुणी हसलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. शिवीगाळ झाली असती तर बरं होतं. पहिल्या जागेवर कातरणारा स्नो बार्कले, डोक्यावरचे पांढरे केस आणि हात कुऱ्हाडीसारखे, मटणाचा चॉप अर्धा टाकून उठून गेला. रोसलिनने त्या रात्री दाराला खुर्ची लावून ठेवली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. मीही जागाच होतो, पण मी खुर्चीसुद्धा लावली नव्हती, माझ्याकडे कोण येणार होतं?

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. शेडकडे बाई येताना दिसली की दाराजवळचा, म्हणजे पहिल्या जागेवरचा माणूस ओरडतो, "तळ्यावर बदकं आली रे!" मग सगळे शर्ट सारखे करतात आणि शिव्या गिळतात. मालकाची बायको असो, पाहणी करणारी असो, बाई म्हटली की आरोळी ठरलेली. बायकांना ती मुळीच आवडत नाही. आम्ही काय जनावरं आहोत का, म्हणतात, आणि खरंच आहे त्यांचं.

सोमवारी सात वाजून वीस मिनिटं. घंटेला दहा मिनिटं होती, माणसं कातरायच्या यंत्रांच्या फण्यांना तेल देत होती. खिडकीतून मला ती दिसली. काखेत नंबराचा साचा, वाटेवरून सरळ येत होती. स्नोलाही दिसली. तो दारातच उभा होता.

तो ओरडला नाही.

एकेकाने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि तेलाचा डबा खाली ठेवला. तिची पावलं दारापुढच्या उतरणीच्या फळ्यांवर वाजायला लागली. तिलाही ती रीत माहीत होती. आरोळी आली नाही हे तिला कळलं असणार, कारण मधेच तिची पावलं थांबली. बाहेर कुंपणापलीकडे औषधाचा हौद होता, सगळ्या शेडना असतो तसा. माझा हात प्रेसच्या दांड्याकडे गेला. अकरा वर्षांपूर्वीही तो तिकडेच गेला होता.

मी दांडा सोडला. "तळ्यावर बदकं आली रे!" मी ओरडलो. माझा म्हातारा, चिरका आवाज, तोही मागच्या कोपऱ्यातून.

स्नो माझ्याकडे वळला. हातात कातरायचं यंत्र तसंच.

"तू कोण रे ओरडणारा?" तो म्हणाला. "आं? गाठीवाला ना तू? पहिल्या जागेवर मी आहे. तेवीस वर्षं आहे. ती आरोळी माझी आहे, म्हाताऱ्या. पुन्हा तिला हात लावलास तर तुलाच गाठीत दाबीन."

मग त्याने दाराकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि असा ओरडला की पत्रे थरथरले.

माणसांनी शर्ट सारखे केले. एकाने तोंडातली शिवी खरोखरच गिळली.

तो चिडला म्हणून ओरडला, की त्याला निमित्तच हवं होतं, ते मला आजही माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. रोसलिन दारात आली.

"बदक तुझी आई," ती स्नोला म्हणाली. आवाज फाटलेला होता. "एकाच जागी दोनदा फणी मारून लोकरीचे तुकडे पाडलेस तर बघ."

"बघ बाई, बघ," स्नो म्हणाला, आणि घंटा वाजली.