कावळ्याने नेलं ते

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वर्षभराने मला लोकरीचा स्तन मिळाला. हॉस्पिटलात एक बाई स्वतः विणून ते वाटायच्या. माझा फिकट गुलाबी, आत कापूस. धुवून खिडकीच्या ग्रिलला चिमट्याने वाळत घालायचा. बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर कोण बघणार, असं मला वाटायचं.

एका शनिवारी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. मी साडी नेसायला घेतली आणि दुसरीतली माझी मुलगी ओरडली, "आई, कावळ्याने तुझं ते नेलं!"

समोरच्या बदामाच्या झाडावर कावळा बसला होता आणि पायाखाली धरून, अगदी मन लावून, लोकर उसवत होता. मी त्याला पोळी दाखवली. नवऱ्याने बॅट दाखवली. त्याला दोन्हींत रस नव्हता.

सासूबाई बाहेर आल्या. मूळच्या मालवणकडच्या. झाडाकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. "शिवलो!" म्हणाल्या.

माणूस गेल्यावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घरचे हात जोडून त्याला एकेक वचन देतात. इथे सगळं उलटं झालं होतं.

"अगो, जित्या माणसाक कावळो शिवलो!" त्यांनी पदर खोचला आणि खिडकीत उभ्या राहून हात जोडले. "बाबा रे, सोड तां. माझी सून जिती आसा!"

कावळ्याने मान तिरकी केली.

"तिच्या आमटीक परत नावां ठेवूचंय नाय. टीव्हीचो रिमोट दितंय तिका."

समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडायला लागल्या. नवरा म्हणाला, "आई, हळू ना!" पण त्या ऐकतायत कुठे.

"तिच्या आजारपणात मी गावाक गेलंय, तां चुकलां माझां. भियालंय रे मी. माका बघवत नाय होतां."

मी अर्धी साडी नेसून तशीच उभी. दोन वर्षं त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी मनात धरून होते. आणि आता हे सगळं त्या मला नाही, कावळ्याला सांगत होत्या. मला हसू येत होतं, रडूही. नवरा बॅट घेऊन नुसता बघत होता.

कावळा कंटाळला असावा. उडाला, आणि ते खालच्या छज्ज्यावर पडलं. पाच मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका दारात. स्टीलच्या ताटलीत ते, वर रुमाल झाकलेला. "सूनबाई, तुमची... लोकर पडली होती," म्हणाले आणि जिन्याकडे पळालेच.

लोकर अर्धी उसवली होती. मी मुलीचे मोजे गुंडाळून ब्लाउजमध्ये घातले आणि शाळा गाठली. बाई सांगत होत्या, मुलगी वर्गात फार बोलते. मी मान डोलावत होते. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, मोजा खाली आलाय."

दुपारी घरी आले तर सासूबाई सुया घेऊन बसलेल्या. गुलाबी लोकर नव्हती, म्हणून नातीच्या जुन्या स्वेटरची मरून रंगाची काढली होती. त्यांनी नवं विणलेलं ते माझ्या छातीशी धरलं, मान मागे घेऊन बघितलं आणि विचारलं, "एवढां पुरे, की आणखी कापूस घालू?"

"थोडा घाला," मी म्हटलं.